रेंज दुसऱ्या मजल्यावर

घराचं बांधकाम काढायचं म्हटलं की आपल्याकडे आधी काय यायचं? विहिरीवर पंप, विजेचा तात्पुरता मीटर, चिऱ्यांचा ट्रक आणि सिमेंट ठेवायला पत्र्याची शेड. आता त्या यादीत आणखी एक वस्तू आली आहे, ती म्हणजे इंटरनेट. हसू नका! आमच्या नागावात गेल्या काही वर्षांत वाड्यांमधून जे बंगले उभे राहिले आणि अजून राहताहेत, त्यांचे मालक मुंबई-पुण्याला, आर्किटेक्ट तिसरीकडे आणि काम इथे. खिडकी चार इंच सरकवायची झाली तर सुधारलेला नकाशा मोबाइलवर येतो. स्लॅब पडला की त्याचा फोटो मालकाला त्याच दिवशी हवा असतो. गेटवर कॅमेरा, हजेरीला अंगठ्याचं मशीन, सिमेंटचं बिल ऑनलाइन. नेट गेलं की साइटवरचा इंजिनीअर असा काही कासावीस होतो की पंप बंद पडल्यावरही होत नसेल.

पण हे नेट येणार कुठून? आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा सगळा आमचा अष्टागराचा पट्टा म्हणजे नारळी-पोफळीची दाटी. रस्त्यावर मोबाइलला रेंज असते, वाडीत शिरलं की एकेक दांडी कमी होत जाते. ग्रामपंचायतीपर्यंत केबल आलेली असली तरी तिथून किलोमीटरभर आत, वाडीच्या मागच्या टोकाला चाललेल्या कामासाठी केबल ओढणार कोण? आणि ओढली तरी वर्ष-दीड वर्षात काम संपणार, इंजिनीअर, मुकादम, मजूर सगळे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाणार. केबल काही गुंडाळून नेता येत नाही. म्हणून मग सिमकार्डवर चालणारा डबा लावतात. तो शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की रडतो आणि पावसाळ्यात वीज गेली की गप्प बसतो.

यावर उपाय म्हणून आता ज्याची चर्चा आहे ते म्हणजे उपग्रहावरून येणारं, उचलून नेता येणारं इंटरनेट. एक चपटी पाटी, तिची वायर, बस्स! ‘स्टारलिंक’ या अमेरिकन कंपनीची सगळ्यात लहान पाटी लॅपटॉपएवढी आहे आणि तिचं वजन किलोभराच्या आसपास. गाडीतून आणायची, उघड्या आभाळाखाली ठेवायची, वीज द्यायची. सोलरवर किंवा बॅटरीवरही ती चालते. काम संपलं की पिशवीत घालून पुढच्या साइटवर.

आता ही छत्री आणि आपल्या टीव्हीची छत्री यांत फरक काय, असं मला आमच्या बचत गटातल्या एकीने विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. टीव्हीचा उपग्रह पृथ्वीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा वाटतो. छत्री एकदा त्याच्याकडे वळवली की झालं. तिथून मालिका बघायला काही अडचण नाही. पण बोलणं-विचारणं करायचं तर प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. या सगळ्या फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. व्हिडीओ कॉलवर दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात, तसं होतं. नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, म्हणजे नागावहून नागपूर जितकं लांब त्याहूनही जवळ आहेत! त्यामुळे वेळ लागत नाही. मात्र इतक्या जवळचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, डोक्यावर टिकत नाही. म्हणून असे हजारो उपग्रह सोडलेले आहेत. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. पाटी जागची हलत नाही, आतल्या आत एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरते. पिठाची परात एकीकडून दुसरीकडे जावी तशी!

महाराष्ट्राला उपग्रह नवे नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच परदेशी फोनसाठी ‘विक्रम’ भूकेंद्र उभं राहिलं होतं. तेव्हा त्यासाठी अवाढव्य अँटेना लागली होती. आज तेच काम ताटाच्या आकाराच्या वस्तूवर आलं आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं त्यात होती. आपला रायगड त्या चारांत नाही, पण डोंगरातल्या पाड्यावर फोनसाठी टेकडी चढणाऱ्या बाईला आधी मिळावं, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

इथवर सगळं छानच. पण मला खरं सांगायचं आहे ते त्या पाटीबद्दल नाही. पाटीखालच्या बायकांबद्दल.

माझं काम बचत गटांचं आणि जमेल तसं बांधकामावरच्या बायकांचं. या बायका कुठल्या? कुणी परभणी-नांदेडकडची, कुणी कर्नाटकातल्या विजापूर-कलबुर्गीकडची, कुणी थेट बंगाल-ओडिशातून आलेली. नवरा गवंडी किंवा सेंट्रिंगवाला, ही बिगारी. घमेलं डोक्यावर, पोर झोळीत. राहायचं साइटवरच्याच पत्र्याच्या खोलीत. एकदा मार्चच्या उन्हात एका साइटवर गेले तर खाली एकही बाई दिसेना. जेवणाची सुट्टी होती. वर बघते तर चार जणी दुसऱ्या मजल्याच्या कच्च्या स्लॅबवर, अगदी कडेला उभ्या. कठडा नाही, एकीच्या कडेवर मूल. मी खालूनच ओरडले, ‘‘अगं पडाल! काय करताय तिथे?’’

‘‘फोन करतोय ताई. वर आल्याबिगर आवाजच येत नाय.’’

खाली, ऑफिस म्हणून ठेवलेल्या कंटेनरमध्ये नेटचा डबा हिरवा दिवा लावून बसला होता. इंजिनीअरचा लॅपटॉप, कॅमेरा, हजेरीचं मशीन सगळं त्यावर चालू. त्याचा पासवर्ड त्या चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हता. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘नेट कामासाठी आहे बाई. यांना दिलं तर दिवसभर रील बघत बसतील.’’

रील बघतील, हे खरंच आहे. आपण नाही बघत? पण त्या चौघींना काय हवं होतं ते मी विचारलं. एकीचा थोरला मुलगा गावी आजीजवळ राहून सातवीत शिकतो, त्याला ताप होता. दुसरीला गावी पैसे पाठवायचे होते आणि पाठवलेले पोचले की नाही ते कळत नव्हतं. तिसरीला दिवस गेलेले. तिचं बांधकाम कामगार म्हणून नाव नोंदवायचं होतं आणि फॉर्म ओटीपीवर अडकला होता. चौथी नुसती सोबत म्हणून वर गेली होती.

ही तिसरी जी आहे, तिच्याजवळ जरा थांबते. आपल्या राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर सरकार एक टक्का उपकर घेतं आणि त्यातून या मंडळाच्या योजना चालतात. १८ ते ६० वर्षांच्या, वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणालाही नाव नोंदवता येतं. नोंदणी असेल तर बाळंतपणासाठी मदत, मुलांच्या शाळेसाठी दरवर्षी रक्कम, अपघात झाला तर घरच्यांना आधार अशा बऱ्याच गोष्टी आहेत. मुळात हे सगळं १९९६ च्या केंद्रीय कायद्यांमुळे आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते कायदे नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले. म्हणजे आपण ज्या बंगल्याचं कौतुक करत रस्त्याने जातो, त्याच्या खर्चात या बाईच्या बाळंतपणाचे पैसेसुद्धा धरलेले आहेत. पण ते मिळवायचे तर अर्ज ऑनलाइन, आधार ऑनलाइन, ओटीपी मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज दुसऱ्या मजल्यावर!

रोजगार हमीच्या कामावर तर याहून सरळ हिशेब होता. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलच्या अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची सक्ती झाली. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही योजना देशाला दाखवली, त्याच महाराष्ट्रातल्या पाड्यांवर बाई दिवसभर खडी फोडून उभी आणि फोटो काही जाईना. हजेरी लागली नाही तर मजुरी कशी लागणार? डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, दिवस १०० चे १२५ झाले. हजेरी डिजिटलच ठेवायची हे त्यातही आहे. म्हणजे कामाच्या जागी नेट असणं ही आता मौज राहिलेली नाही, पगाराचा भाग झालेला आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणींची फसगत होते. वाय-फाय मिळालं म्हणजे ओटीपी आला असं नाही. ओटीपी हा मेसेज असतो, तो मोबाइलच्या टॉवरवरून येतो, इंटरनेटवरून नाही. आभाळातून कितीही वेगाचं नेट आलं तरी टॉवरची रेंज नसेल तर ओटीपी बाहेरच ताटकळत राहणार. यावर तोड आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ नावाचं बटण असतं. ते चालू केलं की बऱ्याच फोनवर साधे कॉल वाय-फायवरून लागतात आणि पुष्कळदा मेसेजही येतात. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी २०२० च्या आसपास ही सोय सुरू केली, वेगळे पैसे पडत नाहीत. मी त्या चौघींचे फोन घेऊन बसले. दोन फोनमध्ये ते बटण सापडलं, एक फारच जुना होता, आणि चौथीचा फोन? तो नवऱ्याच्या खिशात! नेट आभाळातून आलं तरी शेवटी ते नवऱ्याच्या खिशाशी येऊन थांबतं, यावर उपग्रह सोडणाऱ्यांनी अजून काही काढलेलं नाही.

मग आम्ही कंत्राटदाराला गाठलं. मी आणि गटातल्या दोघी. तो ओळखीचा, तसा भला माणूस. म्हणाला, ‘‘वहिनी, बिल कोण भरणार?’’ इंजिनीअर मुलगा तरुण होता, त्याने मध्येच सांगितलं की डब्यावर पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवता येतो, त्याचा वेग कमी ठेवता येतो, ऑफिसच्या फायली त्यात दिसत नाहीत. ठरलं! रोज संध्याकाळी सात ते नऊ, शेडच्या बाहेर. वेळ त्यानेच ठरवली. पहिल्या आठवड्यात तिथे पुरुषांची जत्रा भरली आणि बाई एकही नाही. असणार कशी? सात ते नऊ म्हणजे चूल पेटवण्याची, भाकऱ्यांची, पोरांना भरवण्याची वेळ. ती वेळ ज्याने ठरवली त्याला आयतं ताट मिळत होतं, एवढंच. पुन्हा बोललो. मग दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास आणि रविवारची सकाळ बायकांसाठी असं झालं. त्यानंतर तिसरीचा फॉर्म भरून झाला. ९० दिवसांचा दाखला कंत्राटदाराने स्वतः सही करून दिला, त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. सातवीतला मुलगा आता रविवारी आईला पुस्तकातला धडा वाचून दाखवतो. ती घमेल्यावर बसून ऐकते. तिला वाचता येत नाही, तरी मध्येच ‘‘घाई करू नको’’ म्हणून दटावते!

रविवारच्या त्या गर्दीत मी एक काम आणखी करते. कर्ज देणारी अ‍ॅप, ‘तुमचं खातं बंद होणार’ म्हणून येणारे फोन, बक्षिसाच्या लिंक यांबद्दल सांगते. नेट आलं की पाठोपाठ हे येणारच. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि फसलंच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे मी पत्र्यावर खडूने लिहून ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, मजुरांना इंटरनेट ही जरा चैनच नाही का? मला आठवतं ते मोबाइल क्रेशेस या संस्थेचं. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटावर गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. तिथे धुळीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. काम हललं की पाळणाघरही हलायचं, म्हणून नाव ‘मोबाइल’. तेव्हा मोबाइल फोन कुणाच्या स्वप्नातही नव्हता! पुढे मुंबईत आणि पुण्यातही बांधकामावर अशी पाळणाघरं आली. आणि १९९६ च्या कायद्यात तर कलमच आलं की पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. प्यायचं पाणी आणि संडासही त्याच कायद्यात होते. आज साइटवर संडास नसेल तर आपण नाक मुरडतो. एके काळी तीही चैनच समजली जायची.

शिवाय अडीअडचण काही विचारून येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आलं, ते आम्ही कसं विसरू? वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पन्नास-पन्नास वर्षांच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. वीज गेली, टॉवर गेले आणि फोन म्हणजे नुसती विटेची चकती झाली. मुंबईतल्या लेकीला ‘आम्ही बरे आहोत’ एवढे चार शब्द कळवायला लोक दुचाकीवरून रेंज शोधत हिंडत होते. लॉकडाउनमुळे साइटवर अडकलेली मजूर कुटुंबंही होती, त्यांचे गावाकडचे लोक काय अवस्थेत असतील? वाऱ्याने टॉवर पडतो. आभाळातल्या उपग्रहाला वाऱ्याशी देणंघेणं नाही. खाली एक पाटी आणि गाडीची बॅटरी शाबूत असली की एका गावाचा निरोप बाहेर जाऊ शकतो.

आणि उत्तराखंडातला सिलक्यारा बोगदा? १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, ४१ कामगार आत अडकले आणि १७ दिवसांनी सगळे जिवंत बाहेर आले. ढिगाऱ्यातून आत घातलेल्या पाइपमधून आवाज गेला, खाणं गेलं, कॅमेरा गेला आणि फोनची वायरसुद्धा गेली. घरच्यांचा आवाज कानावर पडला म्हणून त्या माणसांनी धीर धरला. (बोगद्याच्या आत उपग्रहाचं नेट थेट चालत नाही बरं का. पाटी बाहेर उघड्यावर ठेवून आत वायर न्यावी लागते.)

आभाळ उघडं हवं, ही अट आमच्या नागावात सोपी नाही. नारळाचा एक झाप आड आला तरी नेट अडखळतं, आणि इथे तर वाडीभर झापच झाप. मुसळधार पावसात वेग पडतो. खाऱ्या वाऱ्याने खिळेसुद्धा सहा महिन्यांत गंजतात, तिथे पाटीच्या जोडण्यांची काळजी वेगळी घ्यावी लागेल. तेव्हा जाहिरातीत डोंगरमाथ्यावर ठेवलेली पाटी बघून हुरळून जाऊ नका.

आणखी एक, हे जरा ठळक सांगते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांतली माणसं आखातात नोकरीला आहेत. तिथून कुणी भाऊ-दीर हौसेने अशी पाटी बॅगेत घालून आणील. आणू नये. भारतात परवान्याशिवाय उपग्रहाचा फोन किंवा अशी पाटी वापरणं गुन्हा आहे, आणि आपला किनारा साधासुधा नाही. १९९३ च्या स्फोटांचं सामान श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बंदुका असलेली बोट सापडली, तेव्हा जिल्हाभर नाकाबंदी झाली होती. स्टारलिंकला केंद्राचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. त्याआधी भारती समूहाशी जोडलेल्या वनवेबला २०२१ मध्येच मिळाला होता आणि तिचे ७२ उपग्रह तर आपल्या इस्रोनेच २०२२ आणि २०२३ मध्ये दोन खेपांत वर नेले. तेव्हा घ्यायचंच तर इथल्या परवान्याचं, आपल्या नावाचं, पावतीचं घ्यावं. कंत्राटदार असेल तर त्याने विशेष करून.

या बंगल्याचं काम आता रंगापर्यंत आलंय. दिवाळीच्या आत तो संपेल आणि तेच कंत्राटदार चौलच्या बाजूला नवं काम धरणार आहेत, वाडीत अगदी आत, जिथे स्लॅबवर चढूनही रेंज मिळणार नाही. उपग्रहाची पाटी घ्यायची का, असा विचार त्यांच्या मनात आहे. मी आत्तापासून मागे लागले आहे की पाटी आली तर पाहुण्यांचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून शेडवर लावायचा, दुपारची सुट्टी बायकांची आणि वर चढायच्या जिन्याला आधी बांबूचा कठडा. ‘‘बघतो वहिनी,’’ म्हणालेत. त्यांच्या ‘बघतो’चा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून येत्या सोमवारी आम्ही तिघी पुन्हा जाणार आहोत. तिसरीला आठवा लागलाय, ती तोवर गावी गेलेली असेल. तिचा नोंदणी क्रमांक माझ्या वहीत लिहून ठेवला आहे.